वेग आणि वेलांटी

देवानं माणसाला दहा बोटं दिली ती मोदकाच्या कळ्या पाडायला, तबला वाजवायला आणि पगाराला किती दिवस राहिले ते मोजायला, अशी माझी बरीच वर्षं समजूत होती. पुढे बँकेत चिकटलो आणि कळलं, की यांतली आठ बोटं बहुतेकांना शोभेसाठीच मिळालेली असतात. उरलेल्या दोन तर्जन्या तेवढ्या कामाच्या. अंगणात टाकलेले दाणे कोंबडी जशी टिपते, तशा या दोन तर्जन्या कीबोर्डवरून हिंडत असतात. मान एकदा इकडे, एकदा तिकडे, मग 'सापडला!' असा चेहरा आणि मग टक्! पण कोंबडीचं एक बरं आहे. तिला कुणी विचारत नाही, की बाई, तू मिनिटाला दाणे किती टिपतेस?

कारकुनाला मात्र विचारतात. साहेब होताना 'मिनिटाला निर्णय किती?' असं कुणी विचारल्याचं माझ्या ऐकिवात नाही. प्राध्यापकाला मिनिटाला विचार किती, पुढाऱ्याला मिनिटाला आश्वासनं किती, याचीही परीक्षा नसते. (ही दुसरी परीक्षा ठेवली तर एकही उमेदवार नापास होणार नाही, ते सोडा.) पण लिपिक-टंकलेखक म्हटला की मिनिटाला मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द ही अट आलीच. साऱ्या जगाला वेगमर्यादा असते ती 'याच्यापेक्षा जास्त नको' अशी. आमचीच तेवढी 'याच्यापेक्षा कमी नको' अशी.

आता मी पडलो वाणिज्य शाखेचा. कुणी 'मिनिटाला ४० शब्द' म्हटलं की माझा पहिला प्रश्न, शब्द म्हणजे नक्की केवढा? 'मी' हाही शब्द आणि 'किंकर्तव्यमूढ' हाही शब्द. एका गड्यानं वीटभर माती उचलायची आणि दुसऱ्यानं टोपलीभर, आणि मजुरी दोघांना सारखी, हा कुठला न्याय? पण टंकलेखनाच्या जगात हा वाद फार पूर्वीच मिटलेला आहे. पाच ठोके म्हणजे एक शब्द. ठोका अक्षराचा असो, स्वल्पविरामाचा असो की दोन शब्दांमधल्या मोकळ्या जागेचा. रिकाम्या जागेला किंमत येण्याची ठिकाणं जगात दोनच. एक जमिनीचे व्यवहार आणि दुसरं हे.

केंद्र सरकारच्या लिपिकांच्या भरतीत हा हिशोब उघडच मांडलेला असतो. इंग्रजीचे मिनिटाला ३५ शब्द म्हणजे तासाला १०,५०० ठोके. पस्तीस गुणिले पाच गुणिले साठ. ताळा करून पाहा, जमतो. सरकारी कागदावरचा ताळा पहिल्या फटक्यात जमला म्हणून मी पुन्हा एकदा करून पाहिला होता.

तर पाच मिनिटांत तुम्ही १,००० ठोके मारलेत, तर झाले २०० शब्द, म्हणजे मिनिटाला ४०. हा ढोबळ वेग. आमच्या पगारातही असाच एक ढोबळ आकडा असतो, तो सोयरीक जमवताना सांगायचा. हातात पडतो तो वेगळा. तसं इथंही चुका वजा केल्यावर राहतो तो निव्वळ वेग. एका चुकीला एक शब्द कापायचा म्हटलं आणि दहा चुका असल्या, तर दोनशेचे झाले एकशेनव्वद आणि चाळीसचे अडतीस. हे त्यातल्या त्यात दयाळू सावकाराचे व्याजदर झाले. अमेरिकेत एके काळी टंकलेखनाच्या स्पर्धा भरत, तिथं एका चुकीला दहा शब्द कापत! म्हणजे त्याच दहा चुकांना शंभर शब्द गेले, आणि आपले चाळीसवाले गृहस्थ विसावर आले. अशा स्पर्धेत १९२३ साली आल्बर्ट टँगोरा नावाच्या गृहस्थानं अंडरवुडच्या साध्या, विजेशिवायच्या यंत्रावर तासभर मिनिटाला १४७ शब्दांचा वेग राखला. मी तासभर नुसता एका जागी बसलो तरी सौ. शेजारणीला कौतुकानं सांगते.

या खेळातला पहिला गाजलेला सामना त्याच्याही आधीचा, २५ जुलै १८८८चा. सिनसिनाटी शहरात फ्रँक मॅकगरिन आणि लुई ट्राब हे दोघं यंत्रं घेऊन समोरासमोर बसले. पैज ५०० डॉलरची. ट्राब बघून टाइप करणारा. मॅकगरिन हा न्यायालयात लघुलेखन करणारा, म्हणजे आपल्याच जातकुळीतला, आणि त्यानं कळांकडे न बघता दहाही बोटांनी टाइप करण्याचा सराव केलेला. मॅकगरिन जिंकला. न बघता काम करणारा माणूस बघून करणाऱ्याच्या पुढे जातो, हे तेव्हा वर्तमानपत्रांतून लोकांना कळलं. सरकारी कचेऱ्यांत तो नियम पुढे सह्यांनाही लागू झाला, ही गोष्ट वेगळी.

मी न बघता टाइप करायला शिकलो तो मॅकगरिनमुळे नव्हे, गरिबीमुळे. गरिबी माझी नव्हे, यंत्राची. १९९९ साली मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. कराडला पिठाच्या गिरणीच्या माडीवर एक टायपिंगचा क्लास होता. खाली ज्वारी दळली जायची आणि वर इंग्रजी. तिथल्या यंत्रांच्या कळांवरची अक्षरं आमच्या आधीच्या वीस पिढ्यांनी बडवून बडवून पुसून टाकलेली होती. बघायचं म्हटलं तरी बघण्यासारखं काही नव्हतंच. कागद सरळ लावायचा, बोटं मधल्या ओळीवर ठेवायची आणि डोळे भिंतीवरच्या तक्त्यावर. ओळ संपत आली की टिंग करून घंटा वाजायची, की डाव्या हातानं दांडा ओढून गाडा परत आणायचा. वीस यंत्रं एकदम चालू झाली की गिरणीवाला खालून ओरडायचा, "अहो, पट्टा तुटल्यासारखा आवाज येतोय!"

आमचे सर खुर्चीत डोळे मिटून बसायचे. आम्हाला वाटायचं झोपलेत. पण ते ऐकत असायचे. मुलगा किती जोरात टाइप करतोय याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं. ठोक्यांमधलं अंतर सारखं पडतंय का, एवढंच ते ऐकायचे. कुणी सुसाट सुटला, की दोन कळांच्या दांड्या एकमेकींत अडकून यंत्र गप्प व्हायचं, आणि सर डोळे न उघडताच म्हणायचे, "काय रे, गाडी चुकतीय का तुझी? हळू मार. बरोबर मार. वेग कुठं पळून जात नाही."

मराठीच्या यंत्राची तर तऱ्हाच न्यारी. काही अक्षरं त्यावर अर्धीच असायची, बाजूला काना ठोकला की पूर्ण व्हायची. पण सगळ्यांत गंमत पहिल्या वेलांटीची. बोलताना आपण आधी 'क' म्हणतो, मग त्याचा 'कि' करतो. यंत्रावर मात्र आधी वेलांटी मारायची आणि मग तिच्या आडोशाला 'क' आणून बसवायचा. म्हणजे मुलगा ठरायच्या आधी मांडव. चूक झाली तर खोडायची सोय नव्हती. खोडरबर चालवलं तर कागदाला भोक पडायचं, आणि खाली कार्बन घालून तीन प्रती असल्या तर त्या तिन्हींवर ती चूक इमानेइतबारे उमटायची. एका वेलांटीसाठी अख्खं पान पुन्हा. त्यामुळे अचूकपणा हा आमच्या दृष्टीनं सद्गुण वगैरे नव्हता, ती कागदाची बचत होती.

ती यंत्रं आता गेली. गोदरेजनं पहिला भारतीय टाइपरायटर १९५५ साली काढला. शेवटचा कारखाना बंद झाल्याची बातमी २०११ साली जगभर छापून आली, तेव्हा मी बँकेच्या काउंटरवर संगणकापुढे बसलो होतो. संगणकानं आम्हाला मागे जाऊन खोडण्याची कळ दिली. ती मिळाल्यापासून माणसं बिनधास्त चुकायला लागली. पण हिशोब करा. चुकीचा एक ठोका, तो खोडायला एक, बरोबर मारायला एक. एका अक्षराला तीन ठोके झाले, शिवाय 'अरेच्चा!' म्हणण्यात गेलेला वेळ जमेस धरलेला नाही.

आमच्या शाखेत एक तरुण सहकारी आहे. त्याला आम्ही 'राजधानी' म्हणतो. हा मधल्या कुठल्याही स्टेशनावर थांबत नाही. त्याची बोटं दिसत नाहीत, नुसती हवा हलते. त्यानं एकदा स्वतःची परीक्षा घेतली. वेग ६२, अचूकता ९८ टक्के. सगळ्या शाखेनं टाळ्या वाजवल्या. अठ्ठ्याण्णव टक्के म्हणजे दहावीला पेपरात फोटो! मी मात्र सवयीप्रमाणे पावतीच्या पाठीवर आकडेमोड केली. शंभर ठोक्यांत दोन चुकणारा माणूस अकरा आकडी खाते क्रमांक न तपासता टाइप करायला लागला, तर संपूर्ण क्रमांक बरोबर येण्याची शक्यता ८० टक्के. म्हणजे पाचांतला एक क्रमांक चुकीचा. ९९ टक्के अचूकता असली तरी दहांतला एक. हजारात एकच ठोका चुकला, तेव्हा कुठं नव्वदांत एकावर गोष्ट येते. दहावीचे मार्क आणि बँकेचे मार्क यांत हा फरक आहे. दहावीला दोन मार्क गेले तर आपले जातात. इथं गेले तर ते लोकांचे जातात.

२०१९ साली एक निवृत्त एस.टी. कंडक्टर आमच्याकडे आले. बायकोचं ऑपरेशन पुण्याला ठरलेलं. रुग्णालयाच्या खात्यात २ लाख ४० हजार रुपये पाठवायचे होते. राजधानीसमोर रांग मोठी होती. माझ्यासमोर नेहमीप्रमाणे नव्हती, कारण लोकांना माझा वेग ठाऊक आहे. आजोबा माझ्याकडे आले. पैसे पाठवताना खाते क्रमांक दोनदा टाइप करावा लागतो. मी दुसऱ्यांदा करताना फॉर्मवर दुसऱ्या ठिकाणी लिहिलेला क्रमांक बघून केला. यंत्रानं कुरकुर केली. पाहतो तो वर ६८ आणि खाली ८६.

"आजोबा, यातला खरा कुठला?"

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. पिशवीतून रुग्णालयाची चिठ्ठी काढली. खरा ८६ होता. आता नियम असा, की पैसे जमा होतात ते खाते क्रमांकावरून, नावावरून नव्हे. समोरच्या खातेदाराचं नाव आधी बघण्याची सोय २०२५ साली आली, त्या वेळी ती नव्हती. वरचा क्रमांक दोनदा मारून पैसे सोडले असते, तर ६८वाला कुणी असलाच तर त्याच्या घरी दिवाळी, आणि आजोबांच्या वाट्याला अर्ज, विनंत्या आणि खेटे. ऑपरेशनच्या टेबलावरचं माणूस तेवढं थांबत नाही.

आजोबा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "साहेब, तीस वर्षं गाडीत तिकिटं फाडली. गर्दी किती का असंना, आधी पैसे मोजायचो, मग तिकीट. ज्या दिवशी उलटं केलं, त्या दिवशी खिशातनं भरलं."

त्यांच्यामागे तोवर चार माणसं जमली होती आणि त्यांतले तिघे घड्याळ बघत होते. त्यांचंही बरोबरच होतं.

ही गोष्ट मला पुन्हा उपयोगी पडली ती घरात. माझ्या ताईची मुलगी लिपिक-टंकलेखकाची लेखी परीक्षा पास झाली आणि मराठी टायपिंगची चाचणी दोन महिन्यांवर आली. मेहुणे आधीच गेलेले. ताईच्या शिवणकामावर घर चाललेलं. त्या घरात पगार आणणारं माणूस आता हीच होणार होती, मिनिटाला तीस शब्द आले तर. ती सामान घेऊन आमच्याकडेच राहायला आली.

पहिल्याच दिवशी आमचं वेलांटीवरून अडलं. मी म्हणालो, आधी वेलांटी. तिनं ती मारून दाखवली. संगणकानं वेलांटीखाली ठिपक्याठिपक्यांचं एक रिकामं गोल काढलं, जणू 'बसणारे कुठं आहेत?' असं विचारत. तिची कळांची मांडणी 'इनस्क्रिप्ट', तिथं आधी अक्षर आणि मग वेलांटी. "मामा, तुझ्या वेळचं उलटं होतं," ती म्हणाली. मामाच्या वेळचं सगळंच उलटं असतं. मग आम्ही कामाची वाटणी केली. टायपिंग तिचं, मोजणी माझी.

दहा मिनिटांची पहिली परीक्षा घेतली. ढोबळ वेग ३४, चुका ४१. एका चुकीला एक शब्द हा आमचा घरगुती कायदा. तीनशेचाळीसातून एक्केचाळीस गेले, राहिले २९९, म्हणजे मिनिटाला २९.९. एका दशांशानं नापास! ती म्हणाली, "मामा, अजून थोडं जोरात मारते." मी म्हणालो, "नाही, थोडं हळू."

मग मी वही घातली. डावीकडे 'काय मारायचं होतं', उजवीकडे 'काय मारलं'. चुकांची रीतसर खतावणी. एक्केचाळीस चुकांचं वर्गीकरण केलं, तर सतरा निघाल्या पहिल्या-दुसऱ्या वेलांटीच्या आणि नऊ रफाराच्या. म्हणजे अर्ध्याहून जास्त तोटा दोनच खात्यांत! तोट्यातलं दुकान सुधारायचं, तर सगळ्या मालाकडे बघायचं नसतं, सडका माल आधी वेगळा काढायचा असतो. रोज सकाळी वीस मिनिटं नुसते वेलांट्यांचे शब्द. किती, दिवस, मिनिट, निकाल, विनंती. 'लिपिक' हा शब्द पन्नास वेळा, त्यात तर दोन वेलांट्या. संध्याकाळी रफार. कळांकडे बघायचं नाही. एफ आणि जे या कळांवर बारीक उंचवटे असतात, त्यांवर तर्जन्या टेकवायच्या, बाकीची बोटं आपोआप आपल्या घरी जातात. एका अक्षराला कायम एकच बोट. आणि ठोके घड्याळासारखे. मी खुर्चीत डोळे मिटून बसायचो. सौ.ला वाटायचं झोपलो.

"अहो, वेग वेग करताय, भाजी आणायला गेलात की परत यायचा तुमचा वेग काय?"

"ढोबळ की निव्वळ?" मी विचारलं. त्या दिवशी भाजी दोनदा आणावी लागली.

दुसऱ्या आठवड्यात वेग उतरला, २४. चुका ९. निव्वळ २३.१. त्या रात्री ती जेवली नाही. "आई तिकडं रात्री बारापर्यंत मशीन चालवते, आणि मी इकडं मागे जातीय," एवढंच म्हणाली. माझ्याजवळ उत्तर होतं, पण ते पुस्तकी होतं. २०१८ साली फिनलंडमधल्या आल्टो विद्यापीठाच्या आणि केंब्रिजच्या संशोधकांनी १ लाख ६८ हजार माणसांचे १३ कोटी ६० लाख ठोके तपासले. सरासरी वेग निघाला मिनिटाला सुमारे ५२ शब्द, आणि जलद टाइप करणारेच चुका कमी करतात असं दिसलं. फिनलंडनं सांगितलं ते आमच्या सरांनी गिरणीच्या माडीवर डोळे मिटून सांगितलं होतं. पण रडणाऱ्या मुलीला १३ कोटी ठोक्यांचा काय उपयोग? मी तिला कंडक्टर आजोबांची गोष्ट सांगितली. तिनं डोळे पुसले आणि विचारलं, "ऑपरेशन नीट झालं का रे त्यांच्या बायकोचं?" मी म्हणालो, "झालं. दिवाळीला दोघं पेढे घेऊन आली होती." मग ती जेवली.

पाचव्या आठवड्यात ढोबळ ३१, चुका ६, निव्वळ ३०.४. तिनं वहीत त्या आकड्याभोवती गोल काढलं. आठव्यात ढोबळ ३६, चुका ५, निव्वळ ३५.५. वेग तिनं कधी मागितलाच नाही. तो मुदत ठेवीच्या व्याजासारखा आपोआप जमा होत गेला. मुद्दल अचूकपणाचं होतं, त्याला हात लावला नाही एवढंच.

चाचणी झाली. यादी लागायला महिना लागला. त्या महिन्यात ताईनं किती देव पाण्यात ठेवले याची मोजणी माझ्याकडे नाही. एका दुपारी काउंटरवर गर्दी असताना माझा फोन खिशात थरथरला. तिचा निरोप होता, धावतपळत, एका अंगठ्यानं टाइप केलेला:

'मामा, मि पास झाले.'

'मी'ची वेलांटी पहिली. आठ आठवड्यांची खतावणी पाण्यात! समोरच्या गृहस्थांनी विचारलं, "काय साहेब, हसताय का?" मी फोन पुन्हा खिशात ठेवला आणि त्यांचा खाते क्रमांक दुसऱ्यांदा टाइप करायला घेतला. त्या एका चुकीचा शब्द मात्र मी कापला नाही.